वरच्या काकूची माफी

सोमवार, ३ जून

ठकू,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. तू खुशाल आहेस हे मला स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टकडून कळतं, आणि मी कशी आहे हे तुला ऐकायचं नाही, तेव्हा तो भाग सोडून देऊ. तुझा पत्ताही त्यानंच दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी तीन दिवस त्याच्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसले, तेव्हा वैतागून दिला बिचाऱ्यानं.

फोन करत नाही कारण तू माझा नंबर बंद केलायस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर 'हॅलो' म्हणायचा अवकाश, तू ठेवतेस. ते कळतं मला. मी फोनवर बोलले की तुला कार्टूनमधली वरची काकू ऐकू येते. एकोणीस वर्षं तिचा आवाज काढून काढून माझा असा वेगळा उरलाच नाही. कागदाला आवाज नसतो, म्हणून लिहितेय. चौथीपर्यंत गेलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

विषय तू लिहिलेला तो पत्राचा एपिसोड.

वर्ष होऊन गेलं तरी लोकांचं कौतुक आटपत नाही. परवा दाढ काढायला गेले. तोंडात कापूस कोंबलेला, अर्धा जबडा बधिर, आणि डॉक्टरीणबाई म्हणते, "काकू, एकदा म्हणा ना ते, 'माझं चुकलं गं पोरी.' माझी आई इतकी रडली होती!" म्हटलं एकदाचं. काय करणार, पक्कड तिच्या हातात होती.

वाणी तेच म्हणायला लावतो. बँकेतला तेच. खालची शिंपीण तर गिऱ्हाइकांना वर माझ्या दारात घेऊन येते, "या बघा, ह्यांनीच मागितली होती माफी." मी माप द्यायला गेले तरी टेप गळ्यात तशीच, आणि आधी वाक्य. घराबाहेर पाय टाकला की कुणीतरी मला माफी मागायला लावतंच. मी ज्यांना ओळखतही नाही त्यांचीसुद्धा मागून झाली.

म्हणून आता मी तुला सांगते, आणि हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. तो एपिसोड चांगला नाही. उगाच डोक्यावर घेतलाय.

एक बाई एकोणीस वर्षं खिडकीतून खाली ओरडते. खालच्या कारकुनाच्या डोक्यावर पाणी ओतते, त्याच्या बायकोचे पडदे काढते, त्यांच्या ऐतखाऊ मुलाला झाडू फेकून मारते. पोरंही हसतात, पोरांचे आईबापही. अशी बाई तुझ्या एपिसोडमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत कुजबुजते. का? घसा बसला होता का तिचा? आणि मागं ते व्हायोलिन. चार मिनिटं कुईं कुईं कुईं. एवढं व्हायोलिन वाजवलं तर मी फरशी पुसतानाचं चित्र बघूनही लोक रडतील.

खालच्या कारकुनाला तू पूर्ण एपिसोडात एक विनोद दिलास, तोही चपलेचा. बाकी वेळ ते कुटुंब जिन्यात उभं राहून डोळे पुसतंय. जे हसवायला आहेत त्यांना रडायला उभं केलं म्हणजे मोठं लिखाण होतं का? बक्षीस देणाऱ्यांना तसं वाटलं खरं.

आणि ते पत्र. काकू मुलीचं पत्र लपवते आणि वीस वर्षं पत्र्याच्या डब्यात ठेवते, वर रेशमी फीत बांधून. फीत! लपवलेल्या वस्तूला कुणी फीत बांधतं?

आज एवढंच. हात दुखला.

आई


मंगळवार, ११ जून

ठकू,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पोस्टमन दिसला की मी जिन्यात येऊन उभी राहते, हे आज लक्षात आलं आणि मलाच कसंसं झालं. त्याचं पुढं लिहीन कधीतरी.

आता बातमी. तुला ती माझ्या आधी कळलेली दिसतेय.

गुरुवारी स्टुडिओच्या मालकांनी ऑफिसात बोलावलं. मला खुर्ची, चहा, बशीत बिस्किटं. बशी दिसली की समजावं काहीतरी गळ्यात पडणार.

"काकू, मालिकेला वीस वर्षं होतायत. तीस तारखेला मोठा कार्यक्रम करतोय. हजार माणसं, टीव्हीवर थेट. पत्राचा एपिसोड पडद्यावर दाखवायचा, आणि माफीच्या जागी आवाज बंद. तुम्ही स्टेजवर उभं राहून ते वाक्य म्हणायचं. जिवंत."

"आजवर मेलेलं म्हणत होते का?"

हसले. मालक कशालाही हसतात. मग म्हणाले, "आणि तुमची मुलगी समोरून येईल. जिनं लिहिलं ती. मिठी. दिवे मंद. संपलं."

मी म्हटलं, ती नाही येणार. तर म्हणाले, "येणार आहे. विचारलंय आम्ही. ती म्हणाली, आई ते वाक्य म्हणणार असेल तर येईन."

मी बिस्किट परत बशीत ठेवलं. बाहेर येऊन रेकॉर्डिस्टला विचारलं, हे खरं का रे? तो म्हणाला, "खरंय. मलाही तेच म्हणाली. एवढंच."

नवा करारही त्याच दिवशी सही करायचाय, स्टेजवरून उतरल्यावर. तीन वर्षांचा. वाक्य म्हटलं तर करार. मालकांनी असं तोंडानं म्हटलं नाही, पण नक्कल करणारी ती बाई, जी लग्नकार्यात माझा आवाज काढते, ती बाहेरच्या बाकावर बसली होती. पर्स मांडीवर घेऊन, ताठ. मला बघून उभी राहिली आणि पाया पडली. पाया पडणारी माणसं मला आवडत नाहीत.

जुना करार तुला माहीत आहे, तूच वाचून दाखवला होतास. हा आवाज दुसरीकडे काढायचा नाही. मालिकेबद्दल वाईट बोलायचं नाही. लिहिलेलं बदलायचं नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, घरात भांडू का नको? तू म्हणालीस, "घरात भांड, पण हळू आवाजात."

तर आता असं आहे. मी वाक्य म्हटलं तर तू येतेस. नाही म्हटलं तर तू नाही, आणि कामही नाही. मला सांग, यातून बाई कुठल्या दारानं बाहेर पडते?

ठकू, एक गोष्ट तू एपिसोडात चुकीची दाखवलीस. तुझी काकू चष्मा लावते, पत्र वाचते, तिचे डोळे भरतात, मग ती लपवते. मला वाचायला येतं का असं? तुला ठाऊक आहे. अक्षर अक्षर लावत मुंगीच्या चालीनं जाते मी. ते पत्र आलं तेव्हा तू क्लासला होतीस. कसलं आहे कळलं नाही, म्हणून बाजूला ठेवलं, मग राहून गेलं. असं झालं ते. तू त्याचा एवढा एपिसोड केलास.

आई


बुधवार, १९ जून

ठकू,

आज तालीम झाली, बूथमध्ये.

तुला बूथ माहीत आहे, पण तू स्टुलावर बसायचीस, मी उभी असायचे, तेव्हा मला दिसायचं ते तुला दिसलं नसेल. चार पावलं लांब, तीन रुंद. भिंतींना गादी. दार लागलं की कान दडपतात. एसी बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. समोर काच, काचेपलीकडे माणसं ओठ हलवतात आणि ऐकू काही येत नाही. पूर्वी मला ती खोली राजवाडा वाटायची. आज दार लागलं आणि वाटलं, आपण याच्या आत आहोत आणि हे आपल्याभोवती बांधलंय.

मला वाचून दाखवणारी आता नवी मुलगी आहे. चांगली आहे. मी तिला समजावलं, "आधी चित्रं हलतात, मग आपण त्यात आवाज भरतो. काकूचं तोंड मिटायच्या आत वाक्य संपलं पाहिजे. मला वाचत बसायला वेळ नसतो. तू कानात म्हणायचं, मी तोंडानं म्हणायचं, मध्ये अर्धा श्वास." तिनं विचारलं, "हे कुणी शोधून काढलं?" म्हटलं, माझ्या मुलीनं. नऊ वर्षांची होती.

खरंच तू शोधलंस. मी तिथं फरशी पुसायला होते. ओल्या फरशीवरून चालणाऱ्यांवर ओरडले, डायरेक्टरनं ओरडणं ऐकलं, म्हणाला, हाच आवाज पाहिजे. कागद हातात दिला आणि माझी वाचाच बसली. तू शाळेतून येऊन कोपऱ्यात डबा खात होतीस. उठलीस, माझ्या मागं उभी राहिलीस आणि हळूच वाक्य म्हणालीस. मी तेच मोठ्यानं म्हटलं. सगळे हसले. आठ वर्षं मग तू रोज शाळेतून थेट तिथं.

असो. तर तालीम.

वाक्य आलं. पहिल्याच खेपेला आलं, अगदी जागेवर. 'माझं चुकलं गं पोरी. तू गेलीस तर या घरात मी कुणाशी बोलू, याचीच भीती वाटली. म्हणून लपवलं. मला माफ कर.' घसा जिथं दाटायला हवा तिथं दाटला. डायरेक्टर म्हणाला, अजून एकदा. पुन्हा तसंच. दहा वेळा म्हटलं, दहा वेळा तसंच. काचेपलीकडे मालकांनी रुमाल काढला. नव्या मुलीनं विचारलं, "काकू, हे म्हणताना तुम्हाला आतून काय होतं?"

मी म्हटलं, "भूक लागते."

ती हसली. पण मला हसू आलं नाही, ठकू. कारण खरंच काही होत नाही. नळ सोडावा तसं येतं.

तू वाचणं केव्हाच सोडून लिहायला लागली होतीस. मागच्या वर्षी त्या एपिसोडच्या रेकॉर्डिंगला मात्र म्हणालीस, "आज मी वाचते." तेव्हाच्या वाचणाऱ्या मुलीला उठवून स्टुलावर बसलीस. मला वाटलं, मुलीनं लिहिलंय म्हणून हौसेनं बसलीय. काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, मला कधीच आधी माहीत नसतं. कानात तू म्हणालीस, 'माझं चुकलं गं पोरी.' मी म्हटलं. तू म्हणालीस, 'म्हणून लपवलं.' मी म्हटलं. तोंडानं म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं. तोवर तुझं पुढचं वाक्य कानात आलं होतं आणि मी तेही म्हटलं. सवय. एकाच खेपेत झालं सगळं. बाहेर टाळ्या. तू वळून माझ्याकडे बघत होतीस. काय अपेक्षा होती तुझी ते मला कळत होतं.

मी हेडफोन काढला आणि विचारलं, "चहा आलाय का?"

बक्षिसाच्या पार्टीत पत्रकारानं माइक तोंडाशी धरला तेव्हा मी म्हटलं, "भिकार एपिसोड आहे, अशी आई कुठं असते का?" लोकांना वाटलं काकू विनोद करतेय. हसले. तू नाही हसलीस. आठवड्यात तू गेलीस.

तुला वाटलं मी माफी मागत नाही. मला माहीत आहे तुला तसंच वाटलं. पण मी जे म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. अशी आई नसते. निदान तुझी नव्हती.

पुढं लिहायला बसले होते, पण शिंपीण आलीय. बाहेर तिची दोन गिऱ्हाइकं उभी आहेत. वाक्य ऐकायला.

आई


शनिवार, २२ जून

ठकू,

हे पत्र तीस तारखेच्या आत तुला मिळायला हवं. उद्या रविवार आहे म्हणून आजच टाकते. मध्येमध्ये खोडलंय, चालवून घे.

अकरा तारखेच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वाचता आलं नाही म्हणून बाजूला ठेवलं, असं लिहिलं. मला वाचता आलं होतं.

पाकिटावर तुझं नाव होतं आणि त्या शाळेचं चित्र, जी चित्रं नि गोष्टी शिकवते, दुसऱ्या गावी, राहूनखाऊन. तू क्लासला गेलेलीस. मी पाकीट फोडलं. अर्धा तास लागला, पण दोन ओळी लावल्या. 'आपली निवड झाली आहे.' आणि 'पंधरा तारखेपर्यंत हजर व्हावे.' पुढं वाचायची गरजच नव्हती.

तुझी काकू म्हणते, घरात कुणाशी बोलू. छान वाक्य आहे. लोकांना आपापली आई आठवते. पण मला एकटं पडायची भीती नव्हती गं. मला एकटं राहायला आवडतं, तुला काय माहीत नाही? तू मामाकडे जायचीस तेव्हा मी पाय पसरून झोपायचे.

झालं असं की त्याच महिन्यात डायरेक्टर हसत हसत म्हणाला होता, "काकू, तुमची मुलगी आहे तोवर तुम्ही आहात. ती कॉलेजात गेली की आम्हाला दुसरी काकू शोधावी लागेल." तेव्हा दुसऱ्या कुणाच्या वाचण्यानं माझं जमत नव्हतं. दोन मुली आणून पाहिल्या होत्या, माझं वाक्य संपायचं तेव्हा काकूचं तोंड मिटून दोन सेकंद झालेले असायचे.

तू म्हणशील, पोटासाठी केलं. तसंही नाही. फरशीच्या कामावर पोट भरत होतं आपलं. मला परत बोलावलंही असतं तिथंच. ओळखीची जागा, त्याच बादल्या. पण आता मी आत शिरले की लोक उठून म्हणायचे, "काकू आल्या." मला खुर्ची होती. माझ्या नावाचा कप होता. आणि त्याच माणसांच्या पायांखाली मला पुन्हा फडकं घेऊन बसायचं नव्हतं. एवढंच. तुझं शिक्षण एकीकडे आणि फडकं एकीकडे, आणि मी फडकं टाळलं. दुसरं काही कारण नाही. मी शोधून पाहिलं.

वाईट वाटलं का? तेव्हा नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. तू तीन आठवडे रोज पोस्टमनला अडवायचीस. मी वरून बघायचे. तुझी मान खाली गेली की मी भाजी चिरायला वळायचे. पंधरा तारीख आली. त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं, काकू कारकुनाच्या डोक्यावर लोणच्याची बरणी पाडते ते. तू माझ्या मागं स्टुलावर बसून वाचत होतीस आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुझा श्वास अडकत होता. मला कानात ऐकू येत होतं. एवढ्या जवळून कुणालाच ऐकू येत नव्हतं, फक्त मला. आणि मी ती वाक्यं विनोदी म्हटली. त्या दिवसाएवढे लोक कधी हसले नव्हते. मला वाटलं, आज बरं जमलं.

पत्र मी जपून ठेवलं नव्हतं. कपाटाच्या फळीला कागद कमी पडत होता, तिथं उलटं अंथरलं आणि वर डबे ठेवले. डाग पडले होते ना त्याच्यावर? तेलाचे. नऊ वर्षांनी तू कपाट हलवायला डबे काढलेस आणि तुला सापडलं. मला काही बोलली नाहीस. तू वर्षभर बसून एक बरी बाई लिहिलीस, तिला फीत दिलीस, रडू दिलंस, आणि ती माझ्या तोंडात घातलीस.

बुधवारी दहा वेळा ते वाक्य म्हटल्यावर मला घाम फुटला. गरमीचा नाही. मला कळलं की मी हे तीस तारखेला म्हणू शकते, आणि अकराव्यांदाही ते असंच येईल. तू येशील, मला मिठी मारशील, लोक उभे राहतील. करार होईल. तू सणावाराला घरी येऊ लागशील. आणि मी मरेपर्यंत त्या बाईच्या आत बसून राहीन, जिनं प्रेमापोटी चूक केली. तू मला म्हणशील आई, आणि ओ ती देईल. बूथचं दार तरी संध्याकाळी उघडतं.

आणि मालिकेत पुढच्या सोमवारी कुणालाच काही आठवत नाही. तुझ्या एपिसोडातली मुलगी अकरा सेकंदांत माफ करते, मी मोजलेत. पुढच्या सोमवारी काकू खिडकीत, हातात बादली. तिथं माफीला काही पडत नाही. तुझी अकरा वर्षं गेली आहेत. ती कुठल्या सोमवारी परत येतायत?

तर मी ते वाक्य तीस तारखेला म्हणणार नाही. मालकांना परवा सांगेन, आधी तुला सांगते. वाक्य म्हणणार असेल तरच येणार, असं तू म्हणाली होतीस. आता तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. खरं ऐकल्यावर तर मुळीच नाही. तो तुझा हक्क आहे.

माफ कर असं मी इथं लिहिणार नाही. ते शब्द तुझे आहेत, तू मला एकदा म्हणायला लावलेस, आता माझ्या तोंडून ते खोटेच वाटतील. मी फक्त काय केलं ते सांगितलं.

आई


सोमवार, ८ जुलै

ठकू,

काल तू फोन ठेवलास. मग वाटलं, मधलं तुला सांगायचं राहिलं. तू बोलू कुठं दिलंस.

मालकांना चोवीस तारखेला सांगितलं. आधी हसले. मग कळलं की विनोद नाही. म्हणाले, "काकू, लोकांना काय सांगू?" म्हटलं, दाढ काढलीय म्हणून सांगा. "वीस वर्षांनी असं करता?" म्हटलं, वीस नाही, एकोणीस, विसावं तुम्ही जाहिरातीसाठी आत्ताच धरलंय. मग बशीतली बिस्किटं त्यांनी आपणच खाल्ली आणि नकलाकार बाईला आत बोलावलं. रेकॉर्डिस्ट जिन्यापर्यंत सोडायला आला. नाक शिंकरत होता. नवी मुलगी मात्र म्हणाली, "काकू, आता मी कुणाच्या कानात बोलू?" त्या नकलाकार बाईला वाचता येतं, तिला कुणी लागत नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाईट वाटलं पोरीचं.

कार्यक्रम मी शिंपिणीकडे बघितला. बाईनं वाक्य फार छान म्हटलं. माझ्यापेक्षा छान, खोटं कशाला बोलू. शिंपीण रडली आणि मग माझ्याकडे बघून तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. मुलगी समोरून येणार होती तिथं मालकांनी एका छोट्या मुलीला गुच्छ देऊन पाठवलं. तू आली नव्हतीस. मी पडद्यावर पुढच्या रांगा शोधत होते, खरं सांगायचं तर.

आता शिंपिणीकडे काज-बटणं करते. दिवसभर मान खाली. गिऱ्हाईक वाक्य म्हणा म्हणालं की सांगते, ते त्या दुसऱ्या बाईचं आहे. पहिल्या दिवशी घशाला काही कळेचना, दुपारी उगाच शिंपिणीवर ओरडले.

आणि काल तू.

मी 'हॅलो' म्हटलं आणि वाट बघितली, की ठेवतेस. नाही ठेवलास. म्हणालीस, "म्हणजे नुसत्या फडक्यासाठी?"

मी म्हटलं, "हो."

"मला रोज त्या स्टुलावर बसवलंस. सतरा वर्षांची होते मी!"

"हो."

"मी तुला चांगली लिहिली! वर्षभर बसून! सतरा वेळा खोडलं, कारण प्रत्येक वेळी तू दुष्ट निघत होतीस! मी म्हटलं, नाही, काहीतरी कारण असेल, माझी आई आहे, काहीतरी असेलच! आणि तू म्हणतेस कप?"

"कप आणि खुर्ची."

"मी तुला माफ करणार नाही. ऐकतेस का?"

"बरं."

"बरं काय, बरं! भांड ना! तू कधीपासून बरं म्हणायला लागलीस?"

मग तू रडलीस, मग पुन्हा ओरडलीस, मग त्या शाळेबद्दल बोललीस, तिथल्या कुठल्या खिडकीत बसून तू काय काय काढणार होतीस ते. मला हे काहीच माहीत नव्हतं. तू सतराव्या वर्षी तिथली खोलीसुद्धा मनात लावून ठेवली होतीस. पलंग कुठं, टेबल कुठं. चाळीस मिनिटं बोललीस. शेजारी लोक ऐकत असतील तुझे. कुठल्या तोंडानं सांगू, पण तू माझ्यासारखीच ओरडतेस. खिडकीतून खाली.

शेवटी म्हणालीस, "अजून खूप आहे. आत्ता माझ्यात जीव नाही." आणि ठेवलास.

रविवारी मला काम नसतं. सकाळपासून घरीच असते. फोन हातात घेऊन बसते. तुझं राहिलेलं सगळं बोल, कितीही वेळ लागू दे. मी मध्ये बोलणार नाही.

आई